साहेबांच्या घरचं लग्न

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

काल मी तोडून बोलले आणि फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

आईने पाठवलेला, आपल्या साखर कारखान्याच्या जुन्या चेअरमनसाहेबांकडच्या लग्नपत्रिकेचा फोटो मी मोठा करून पाहिला. मखमलीची पेटी, आत काजू-बदामाचे चार कप्पे, झाकणावर सोनेरी गणपती. बाबा म्हणाले, "साहेबांनी आठवण ठेवली, पाचशे एकचा तरी आहेर करायला हवा." बाबा, तुम्हाला पेन्शन मिळते महिन्याला दोन हजार एकशे चाळीस रुपये. बॉयलरवर एकतीस वर्षं काढल्यानंतर! २०१४ मध्ये पीएफवाल्या कामगारांची किमान पेन्शन हजार रुपये झाली, ती अजून हजारच आहे. आईच्या गोळ्या, गॅस आणि लाईट बिल यातच तुमचे पैसे संपतात, हे मला माहीत आहे.

लग्नाचा मला राग नाही. त्या पोरीचा संसार सुखाचा होवो. मला लागलं ते तुमचं एक वाक्य: "त्यांच्या जिवावर आपण जगलो."

नाही बाबा. तुम्ही तुमच्या जिवावर जगलात. पहाटेच्या भोंग्याला डबा घेऊन निघायचात आणि परत यायचात तेव्हा भुवयांवर सुद्धा राख असायची. डाव्या मनगटावरचा वाफेचा डाग मी लहानपणी बोटाने गिरवायचे. आणि कारखाना तरी कुणाचा होता? आजोबांनी बैलजोडीतला एक बैल विकून शेअर घेतला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तो याच विचारावर की ऊस पिकवणाराच मालक असेल. आपल्याकडचा कारखानाही तसाच उभा राहिला. चेअरमन म्हणजे विश्वस्त. मालक नव्हे.

पुढे काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंत. विस्ताराच्या नावाखाली कर्जं, ठेके घरच्याच माणसांना, मग तोटा, मग थकबाकी, मग लिलाव. कितीतरी सहकारी कारखाने असेच कवडीमोलाने खाजगी हातात गेले. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून २०११ मध्ये या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या बँकेच्या कर्जप्रकरणी गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. आपला कारखाना घेणाऱ्या कंपनीत साहेबांचे जावई होते, हे तुम्हीच मला ओट्यावर बसून हळू आवाजात सांगितलं होतं. कामगारांचे चौदा पगार आणि ग्रॅच्युइटी मात्र कुणीच विकत घेतली नाही.

निवडणुकीच्या अर्जासोबत उमेदवाराला संपत्तीचं शपथपत्र द्यावं लागतं, ते कुणालाही वाचता येतं. मी वाचत बसते. २०२४ च्या विधानसभेला घाटकोपर पूर्वच्या एका उमेदवाराने, ते बांधकाम व्यावसायिक आहेत, ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. पाच वर्षांपूर्वी ती ५०० कोटींच्या आसपास होती. मी कुणाला चोर म्हणत नाही. पण अशा माणसाला दोन हजारांच्या पेन्शनवर जगणाऱ्यांचा प्रश्न विधानसभेत तातडीचा वाटेल का, हे मला विचारावंसं वाटतं.

आणि आई, तुला ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधली, त्या पाचटाच्या झोपड्यांमधली, ती बीडची बाई आठवते? पोटाला फडकं बांधून मोळ्या उचलायची, तू तिला भाकरी आणि ताक द्यायचीस. "पिशवी काढून टाकली, आता खाडा होत नाही," असं ती म्हणाली होती. तेव्हा मला कळलं नव्हतं. पुढे सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. एक दिवस चुकला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून. त्या मखमलीच्या पेटीकडे पाहताना मला तीच दिसत राहिली.

बाबा, लग्नाला जायचं तर जा. जेवा, बरोबरच्या जुन्या माणसांना भेटा. पण कुणाचे उपकार फेडायला जाऊ नका, आणि वाकून नमस्कार करू नका. तुमचे गुडघे दुखतात म्हणून नव्हे.

मी इथे एका वकीलबाईंना भेटले. तुमच्या वेळचा ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, तीस दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर व्याजासकट, असं त्या म्हणाल्या. लिलावानंतर वसुली अवघड आहे हेही त्यांनी लपवलं नाही. त्यांना कागद पाहायचेत. हजेरीकार्ड, शेवटची पगारपावती आणि विठोबाच्या तसबिरीमागचा आजोबांचा शेअरचा दाखला काढून ठेवा. दाखला घडीवर फाटत आलाय, आईलाच काढू दे. तुमच्यासोबतच्या आणखी कुणाचे पैसे अडकलेत त्यांची नावंही लिहून ठेवा, एकट्याने जाण्यापेक्षा सगळे मिळून जाऊ.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. आईच्या गोळ्या इथूनच आणते, घेऊ नका.

तुमची,
मनू