खबीबची पकड कंटाळवाणी कशी?

महोदय,

मिश्र मार्शल आर्ट्समधील खबीब नुरमागोमेदोव यांची शैली कंटाळवाणी असल्याचे आपल्या क्रीडा पुरवणीतील लेखात म्हटले आहे, ते मुळीच पटले नाही. रशियातील दागेस्तानच्या या मल्लाने २९ पैकी एकही लढत न गमावता २०२० मध्ये निवृत्ती घेतली, ती प्रतिस्पर्ध्याला नुसते दाबून ठेवून नव्हे. लढतीच्या पिंजऱ्याच्या जाळीला टेकलेल्या प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय आपल्या पायांच्या कात्रीत अडकवून ते त्याचे एक मनगट पाठीमागून धरत, त्यामुळे उठण्यासाठी टेकवायचा हातच उरत नसे. मग मोकळ्या हाताचे ठोसे सुरू होत. अखेरच्या लढतीत जस्टिन गेथजी यांना त्यांनी दुसऱ्याच फेरीत पायांच्या त्रिकोणी पकडीत मान आवळून नमवले. गेथजी स्वतः महाविद्यालयीन काळातील नावाजलेले कुस्तीगीर, याचा उल्लेख तरी लेखात हवा होता.

– एक वाचक