माताबेलेलँडचे अडलेले दाखले

झिम्बाब्वेत २०१७ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना पायउतार व्हायला लावले, तेव्हा हरारेत लोक सैनिकांना मिठ्या मारत होते. सत्तांतर झाले खरे, पण खुर्चीवर बसले एमर्सन म्नांगाग्वा! १९८३ पासून उत्तर कोरियाने प्रशिक्षण दिलेली झिम्बाब्वेच्या लष्कराची ‘पाचवी ब्रिगेड’ देशाच्या पश्चिमेकडील माताबेलेलँडमध्ये न्देबेले समाजाच्या गावांवर तुटून पडली, तेव्हा हेच गृहस्थ राज्य सुरक्षामंत्री होते. आपला त्यात हात नव्हता, असे ते सांगतात. १९८७ पर्यंत चाललेल्या या ‘गुकुराहुंडी’ नावाच्या हत्याकांडात सुमारे २०,००० माणसे मारली गेल्याचे मानले जाते. तेव्हाच्या सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आजही बासनात आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती दाखल्यांची गोष्ट. बापाला सैनिकांनी मारले, मृत्यूची नोंद नाही. त्यामुळे मुलाचा जन्मदाखला अडला, मग ओळखपत्र नाही आणि पुढे नोकरीचेही वांधे. आता ती मुले चाळिशीत आहेत. भालाग्वे येथील छळछावणीच्या जागी लावलेला स्मृतिफलकही अज्ञातांनी उद्ध्वस्त केला.

२०२४ मध्ये म्नांगाग्वांनी गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांमार्फत सुनावण्यांची घोषणा केली. हे प्रमुख सरकारी मानधनावरचे. त्यांच्यापुढे राष्ट्राध्यक्षांचे नाव घ्यायला कोण धजावणार? सुनावण्या घ्यायच्याच तर आधी तो जुना अहवाल प्रसिद्ध करावा आणि मृत्यूच्या दाखल्यावर खरे कारण लिहून द्यावे.

– एक वाचक, नाशिक