पिल्ले वाटणाऱ्या खात्याने त्यांचे औषधही ठेवावे

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. कोकणातील एका खेड्यातील महिला बचत गटाची सदस्य म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. आमच्या गटातील बायकांनी यंदा शासनाकडून निम्म्या अनुदानावर कोंबडीची प्रत्येकी शंभर एकदिवसीय पिल्ले घेतली. ‘काही लागले तर दवाखाना आहेच’, असा शब्द वाटपाच्या वेळी सर्वांसमोर देण्यात आला होता. ऐन पावसात पिल्ले महिन्याची झाली आणि रक्ती हगवणीने, म्हणजे कॉक्सिडिओसिसने, माझ्या परसातील निम्म्याहून अधिक पिल्ले मेली. दिलेला शब्द त्या आठवड्यात कोणीही पाळला नाही.

पिल्ले पंख पाडून, अंग फुगवून कोपऱ्यात उभी राहू लागली, तुरे पांढरे पडले आणि विष्ठेतून रक्त येऊ लागले. मी मेलेले पिल्लू पिशवीत घालून दवाखान्यात नेले, तर कोंबड्यांचे औषध येथे येत नाही, बाहेरून घ्या, एवढेच उत्तर मिळाले. ते पिल्लू कापून आतडे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. पाहिले असते तर रक्ताने भरलेली आंधळी, म्हणजे एका टोकाला बंद असलेली, आतडी दिसली असती आणि रोग तिथेच कळला असता. दुकानदाराने अँटिबायोटिक आणि ताकदीसाठी बी जीवनसत्त्वांचे टॉनिक दिले. या रोगाला एक परजीवी कारण असतो आणि अँप्रोलियम हे त्यावरचे जुने, माहितीतले औषध आहे, हे मला पुढे एका निवृत्त पशुवैद्यांनी सांगितले. तीव्र साथीत त्याची 20 टक्के पूड लिटरभर पाण्यात साधारण सव्वा ग्रॅम या प्रमाणात तीन ते पाच दिवस द्यायची, नंतर मात्रा बरीच कमी करून आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायची. हे औषध परजीवीला बी-1 जीवनसत्त्व वापरू देत नाही, म्हणून त्याच काळात त्या जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजले तर औषधाचा जोर कमी होतो. आम्ही पैसे मोजून नेमके तेच टॉनिक पाजत होतो, कारण सांगायला कोणी नव्हते.

पिल्ले तीन ते सहा आठवड्यांची असताना या रोगाचा जोर सर्वाधिक असतो. विष्ठेतून पडणारी परजीवीची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, आणि नेहमीच्या फिनाईलने ती मरत नाहीत. पिल्लांखाली अंथरलेले भाताचे तूस रोज उलटवून कोरडे ठेवणे, ओले झालेले तूस लगेच बाहेर काढणे, पाण्याचे भांडे विटेवर ठेवणे, पिल्लांची दाटी टाळणे, एवढ्या चार गोष्टी छापलेला मराठी कागद पिल्लांच्या खोक्यात टाकायला किती खर्च येतो, हे आपणच सांगावे. मोठ्या शेडमधील पिल्लांना बहुधा या रोगाचे औषध मिसळलेले खाद्यच मिळते. आमची पिल्ले कणी आणि कोंडा खातात, म्हणून त्यांना तेवढेही संरक्षण नाही.

2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा हेच खाते पथके घेऊन धावले होते आणि नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाईही देण्यात आली होती. ते करायलाच हवे होते. परंतु बाजाराला किंवा शहराला धोका नसलेला रोग बायकांच्या परसात पिल्ले मारतो, तेव्हा त्याची साधी नोंदही होत नाही, याचा मला संताप येतो. जुलै 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि वीजदर व करांतील सवलतींची चर्चा झाली. जिच्या खुराड्याला वेगळा मीटरच नाही, तिच्या पदरात त्यातून काय पडले? 2019 च्या पशुगणनेनुसार देशातील परसातील पक्षी 31 कोटी 70 लाखांवर गेले, 2012 च्या तुलनेत सुमारे 46 टक्के वाढ झाली. ही वाढ आपण भाषणांत सांगता, पण ती बायकांनी केली आहे आणि तिचा तोटाही त्याच एकट्या सोसतात. आपल्या कागदावर वाटलेली पिल्ले मोजली जातात, दहा आठवड्यांनी जिवंत राहिलेली मोजली जात नाहीत. म्हणून माझी मेलेली पिल्लेही यंदाच्या उद्दिष्टपूर्तीत धरली जाणार आहेत.

जनावरांच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मे महिना संपण्याआधी अँप्रोलियमचा साठा असावा, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याच दिवशी निदान मिळावे आणि वाटपानंतर तिसऱ्या आठवड्यात पशुधन पर्यवेक्षकाने घरी येऊन पिल्ले पाहावीत. यंदा मेलेल्या पिल्लांचा पंचनामा करून आमचा लाभार्थी हिस्सा परत मिळावा, हीही मागणी आहे. आमच्या दवाखान्यात औषध आल्याचे लेखी कळेपर्यंत गटातील कोणीही पुढच्या वाटपाच्या अर्जावर सही करणार नाही, असा ठराव आम्ही केला आहे.

आपली,
परसात कोंबड्या पाळणारी एक बचत गट सदस्य