हर्मायनीचा शाप आणि आपले दोन न्याय

महोदय,

‘हॅरी पॉटर’च्या पाचव्या भागात (2003) जादूच्या शाळेतली जुलमी शिक्षिका अम्ब्रिज शिक्षा म्हणून हॅरीला त्याच्याच रक्ताने ओळी लिहायला लावते आणि ती अक्षरं त्याच्या हातावर कोरली जातात. वाचताना तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी, अम्ब्रिजच्या चोरून जमणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाच्या सह्यांच्या कागदावर कुणालाही न सांगता शाप घालून ठेवते. गटातली मारिएटा फितूर होते आणि तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्यांनी ‘चहाडखोर’ असं उमटतं. इथे मात्र आपण खूश! सहाव्या भागातही ही शाळकरी मुलगी ते डाग मेकअपखाली झाकत फिरते, आणि हॅरी गालातल्या गालात हसत पुढे जातो.

सातव्या भागात तर, असह्य यातना देणाऱ्या ज्या क्रुशिएटस शापाने हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याचे आईवडील कायमचे वेडे झाले, तोच शाप हॅरी खलनायकाच्या गोटातल्या कॅरोवर वापरतो. कारण काय, तो मॅक्गोनागल बाईंवर थुंकला! बाई आधी रागावतात, मग कौतुकच करतात.

युद्धकाळ होता, हे समर्थन मला पटत नाही. सह्या घेतल्या तेव्हा युद्ध पेटलं नव्हतं. मारिएटाची आई अम्ब्रिजच्या पाठीशी असलेल्या जादू मंत्रालयात नोकरीला होती, घरची भीती खरी होती. हर्मायनी मला आजही सर्वांत जवळची वाटते, म्हणून तर हे जास्त खुपतं. शापाची कल्पना आधी द्यायला हवी होती, असं मारिएटाची मैत्रीण चो हॅरीला तोंडावर सांगते. त्यावरून तिला नावं ठेवणारे वाचक मला अनेक भेटले. माझ्या मते त्या भांडणात चोचंच बरोबर होतं.

– एक वाचक, सांगली