‘काही नाही, टेन्शन आहे’ हे निदान नव्हे

महोदय,

अचानक छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता जीव जातो असे वाटते. पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचा झटका, असा येतो. ईसीजी मात्र नॉर्मल. मग ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते, याची मला मनापासून चीड येते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. मेंदूतील अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन स्त्रियांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. त्यांतली एक तर एरवी सापालाही भीत नसे. तरी तिघींनाही पॅनिक अटॅक आला! शरीरातूनच उठणाऱ्या या भीतीपुढे खंबीरपणाचा उपदेश काय कामाचा?

उपचार आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामीन या औषधाचा उपयोग १९६०च्या दशकातच दाखवला; आज बहुधा एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही दिली जाणारी औषधे देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, नेमकी तेवढ्यातच अनेक जण गोळ्या सोडतात. वर्तनोपचारात रुग्णाला मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावून धडधड अनुभवू देतात, म्हणजे तिची दहशत ओसरते. आपल्या आरोग्य पुरवणीत या उपचारपद्धतीवर तज्ज्ञांकडून सविस्तर लिहवून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक