छातीत कळ येण्याआधी दंडाला पट्टा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उपकेंद्राची पायरी न चढणारे पुरुष, आणि पायरी चढूनही जिचे हृदय कुणी तपासत नाही ती बाई

महोदय,
सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त आरोग्य सेविका. एकतीस वर्षे नोकरी केली, बहुतेक उपकेंद्रात. लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी, तांबी, ऑपरेशनच्या केसेस, पोलिओचे डोस आणि शेवटी शेवटी बीपी-शुगरच्या गोळ्या. माझ्या हाताखालून किती बाळे गेली, याचा हिशेब रजिस्टरला आहे. पुरुष किती गेले, याचा हिशेब लिहायला रजिस्टरच नव्हते. हे पत्र त्याबद्दल आहे.

माझे यजमान ४९ व्या वर्षी गेले. साखर कारखान्यात होते. हंगाम भरात होता आणि त्यांची रात्रपाळी होती. पहाटे छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. सोबतच्यांना वाटले पित्त झालेय, म्हणून सोडा पाजला. तशातच मोटरसायकल चालवत ते घरी आले. दार उघडल्यावर त्यांचा चेहरा बघूनच मला कळून चुकले. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले, तर तिथे ईसीजी काढणारा माणूस सकाळी आठला येणार होता. साताऱ्याच्या वाटेवर, जीपमध्ये, माझ्या मांडीवर त्यांचा जीव गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी कपाट उपसले. त्यांचा रक्तदाब कधीतरी, कुणीतरी मोजल्याचा एखादा कागद सापडतो का ते बघायला. सापडला नाही. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचा बीपी माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. बीपीचे यंत्र माझ्या पर्समध्ये असायचे, रात्री ती पर्स आमच्याच खुंटीला लटकायची. एकदा-दोनदा म्हटले होते, बघू या का तुमचाही. "मला काय धाड भरलीय," हे उत्तर. मीही जोर केला नाही. नवऱ्याला तंबाखू सोड म्हणताना घरात भांडण होते, तेवढे पुरे वाटायचे.

महोदय, आमच्या घरात झाले ते अपवादाने झाले असते तर मी आपला वेळ घेतला नसता. हृदयविकाराचा पहिला झटका पुरुषाला बाईपेक्षा लवकर येतो, हे आता शंभर ठिकाणी मोजून झाले आहे. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे अंतर सरासरी ९ वर्षांचे निघाले. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांचे आणखी एक दुखणे दिसले : इकडे पहिला झटका ५३ च्या सुमारास येतो, जगाच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी. म्हणजे आपल्याकडचा पुरुष दोन्हीकडून मार खातो. मुलीचे लग्न व्हायचे असते, सोसायटीचे कर्ज फिटायचे असते, आणि त्या वयात माणूस जातो.

का? थोडे निसर्गाने, बरेचसे सवयींनी. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तवाहिन्यांना काहीसे राखते आणि चांगले कोलेस्ट्रॉल वर ठेवते. पुरुषाची चरबी आधी पोटावर चढते, आणि पोटाची चरबी हृदयाला सगळ्यात वाईट. पण त्याच अभ्यासात असेही निघाले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्ट्रॉल, पोटाचा घेर, मनावरचा ताण अशा नऊच गोष्टींत पुरुषांचा ९० टक्के आणि बायकांचा ९४ टक्के धोका सामावतो. म्हणजे पुरुषाचे नशीब काही वेगळे लिहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातले ३८ टक्के पुरुष तंबाखू खाणारे किंवा ओढणारे निघाले, बायका ८.९ टक्के. (आमच्या भागात बायकांची मिश्री असते, आणि मिश्रीला तंबाखू म्हणतात हे बाईच्या तोंडून वदवून घेताना नाकी नऊ येतात, ते वेगळे.) गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती बंदी कुठल्या टपरीवर दिसते, ते आपल्याला मी सांगायला नको.

रक्तदाबाचा आकडा मात्र मला जास्त बोलका वाटतो. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के पुरुषांचा बीपी वाढलेला, बायकांचा २१.३ टक्के. फरक फार नाही, आहे तो पुरुषांच्या बाजूने जास्त. मग महिन्याची गोळी न्यायला येणाऱ्यांत बायकाच का दिसतात? २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम देशात सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. काम चांगले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एकाच पद्धतीने उपचार, अ‍ॅम्लोडिपिनची गोळी उपकेंद्रात, प्रत्येकाचे कार्ड, चुकला तर फोन. पण माझ्या डब्यातली कार्डे काढून बघा. लुगड्यातल्या आज्या, सुना, बचत गटाच्या बायका. पुरुष म्हणजे निवृत्त मास्तर, नाहीतर अर्धांगाचा झटका येऊन गेलेला कुणीतरी. पस्तीस ते पंचावन्नमधला कर्ता पुरुष त्या डब्यात औषधालाही सापडायचा नाही.

यात त्याचा दोष आहे, पण सगळा त्याचा नाही. आपली यंत्रणा उभी राहिली ती आई आणि बाळासाठी, आणि ते योग्यच होते. उपकेंद्र उघडते तेव्हा पुरुष कामावर गेलेला असतो, तो परततो तेव्हा कुलूप असते. आशाताई घरी जातात त्या दुपारी. तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरायचा असतो, तो पुरुषाचा त्याची बायकोच भरून देते. "दारू पितात का?" असे विचारले की ती आधी सासूकडे बघते. त्या फॉर्ममध्ये कमरेचा घेर विचारतात, बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० सेंटिमीटरपर्यंत ठीक, असा हिशेब. परक्या पुरुषाच्या कमरेला टेप लावायचा कुठल्या सुनेने, भर अंगणात? म्हणून अंदाजे ९० लिहिले जाते. अख्ख्या वस्तीतल्या पुरुषांची कंबर ९०! वरच्या ऑफिसात त्याची बेरीज होते.

हे काम खरे तर पुरुष आरोग्य सेवकाचे. हिवतापाच्या काळात हाच माणूस घरोघर रक्ताचे नमुने घेत हिंडला, चावडीवर बसला, पुरुषांशी पुरुषासारखा बोलला. तो निवृत्त झाला की ती खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी राहते. माझ्या उपकेंद्रात शेवटची सहा वर्षे सेवक नव्हता. ही पदे भरा, ही माझी पहिली मागणी. बाकी काही झाले नाही तरी एवढे व्हावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच खात्याने अठरा वर्षांपुढच्या पुरुषांसाठी "निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे" अशी मोहीम काढली होती. त्याच्या आदल्या वर्षी नवरात्रात बायकांसाठी "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" होती. पुरुषांचेही नाव घेऊन कुणी मोहीम काढतेय, याचा मला मनापासून आनंद झाला होता. आता आपल्याला एकच विचारते. त्या मोहिमेत ज्यांचा बीपी वाढलेला निघाला, त्यांतले आज किती जण गोळी घेत आहेत? किती तपासले, हे नको. किती जण गोळीवर टिकले, हा आकडा जिल्हावार जाहीर करा. रक्तदाब एका दिवसात सापडतो, पण सांभाळावा लागतो जन्मभर, आणि आमचे खाते मोहिमेचा फोटो काढून पुढच्या मोहिमेला लागते. मीही लागायचे, त्यामुळे हे टोमणा म्हणून घेऊ नये.

पुरुष दारात येत नसेल तर बीपीच्या यंत्राचा पट्टा घेऊन त्याच्याकडे जावे लागेल. २०१८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये झालेला एक प्रयोग आमच्या प्रशिक्षणात सांगितला होता, तो मी विसरलेले नाही. ५२ केशकर्तनालये, तिथले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, सगळ्यांचा रक्तदाब बेसुमार. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बीपी मोजून औषध देई, बाकीच्यांत न्हावी नुसता सल्ला देई. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा बीपी सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्याचा ९ ने. दवाखान्याला न जाणारा माणूस दाढीला मात्र जातो! आपल्याकडे तर जागांना तोटा नाही. एसटीचा डेपो, मार्केट यार्डातला हमालांचा कट्टा, दूध संकलन केंद्राची पहाटेची रांग, बाजाराचा दिवस, तालीम, आणि कारखान्याचे टाइम ऑफिस, जिथे हजेरी लावल्याशिवाय कुणी आत जातच नाही. हजेरीआधी दोन मिनिटे दंडाला पट्टा. तिथेच पेटीत गोळ्या, तिथेच कार्ड. आठवड्यातून एक संध्याकाळ उपकेंद्र उघडे ठेवा आणि त्याच्या बदल्यात कर्मचाऱ्याला सकाळची सुट्टी द्या, नाहीतर ते ओझेही पुन्हा आमच्याच बायकांच्या डोक्यावर येईल.

आता जरा अवघड विषय. हा मजकूर वाचून माझ्या सुनेने "आई, हे नको" म्हटले, पण एकतीस वर्षे कुटुंब नियोजन शिकवलेल्या बाईला कसली लाज! पुरुषाला शरीरसंबंधात ताठरता येईनाशी होते, ती पुष्कळदा हृदयाची आगाऊ चिठ्ठी असते. त्या जागच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबीचा थर बसू लागला की बारीक नळी आधी तुंबते, मोठी काही वर्षांनी. ही दोन ते पाच वर्षांची सवलत निसर्ग पुरुषाला देतो. आणि तो काय करतो? रेल्वेच्या कडेला भिंतीवर रंगवलेला "गुप्तरोग" वाल्याचा नंबर फिरवतो, हजारोंची भस्मे खातो आणि बीपी-शुगर न मोजताच परततो. सरकारी दवाखान्यात हा प्रश्न विचारायला पुरुष डॉक्टर आणि बंद दार लागते, फार नाही. आणि हे दुखणे घेऊन आलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्ट्रॉल तपासलेच पाहिजे, असा नियम करा.

पुरुषांचे एवढे लिहिले म्हणून बायकांचे सगळे आलबेल आहे असे समजू नका. आम्हाला मिळते ती मुदतवाढ, माफी नव्हे. पाळी गेली की इस्ट्रोजेनचे ते कवच उतरते. बाहेरून हार्मोन देऊन ते परत मिळेल ही आशाही २००२ मधल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने मोडीत काढली. मधुमेह तर बाईला जास्त छळतो : मधुमेहाने पुरुषाचा हृदयविकाराचा धोका दुपटीच्या आसपास जातो, बाईचा तिपटीकडे. आणि झटका आला तरी आमचे सोंग वेगळे. छातीत दुखते बायकांच्याही, पण जोडीला मळमळ, धाप, जबड्यात आणि पाठीत कळा, कारण नसताना गळून जाणे. निवृत्तीनंतर मला स्वतःला असेच झाले. दोन दिवस पाठ आणि जबडा ठणकत होता. एका दवाखान्यात मला गॅसची गोळी देऊन "या वयात होतं, बाई, विश्रांती घ्या" म्हणून परत पाठवले. ईसीजी मी हट्टाने दुसरीकडे काढून घेतला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. यजमानांना यंत्रामागचा माणूस मिळाला नाही, मला यंत्रही होते आणि माणूसही, फक्त कुणाला वाटले नाही की बाईचे हृदय बघावे. तिशीपुढच्या कुठल्याही बाईला पोटाच्या वर, पाठीत वा जबड्यात अकारण दुखले तर आधी ईसीजी आणि मग गॅसची गोळी, असा साधा कागद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायला काय लागते?

आणखी दोन गोष्टी आमच्याच रजिस्टरात पडून आहेत. गरोदरपणी जिचा बीपी चढतो, लघवीतून प्रथिने जातात, तिला पुढे हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असतो. तिची सगळी नोंद आमच्याकडे असते. पण बाळंतपणानंतर ४२ दिवसांनी ते पान बंद होते. तीच बाई पंधरा वर्षांनी बीपीच्या रजिस्टरात नव्याने येते, तेव्हा मागचे कुणी विचारत नाही. ती दोन पाने जोडून द्या. संगणकाच्या जमान्यात हे मी वहीवालीने सांगायचे! दुसरी गोष्ट बीडकडची. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार राज्यभर गाजला, चौकशी समिती बसली. तिशीत ज्यांची बीजकोशेही काढली गेली, त्यांची पाळी त्याच दिवशी गेली आणि कवचही त्याच दिवशी गेले. त्या आता चाळिशीत आहेत. त्यांच्या बीपी-शुगरचा मागोवा कुणी ठेवतेय का, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे. सोबत नवरा कोयता घेऊन असतोच, त्याचाही दंड मोकळाच आहे.

गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. त्याआधी एका कारखान्याच्या गेटवर हे सुरू करून बघा, आमच्याच जिल्ह्यात केले तरी चालेल. मी येईन. मानधन नको. यंत्र माझे स्वतःचे आहे, पट्टा नवा आहे, आणि जाड दंडाचा मोठा पट्टाही मी वेगळा घेऊन ठेवला आहे, कारण लहान पट्ट्यावर पैलवानांचा बीपी उगाच जास्त दाखवतो.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका
सातारा जिल्हा