टॉवेल तपासला जातो, विहीर का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. मधले दिवस शहर बोअर आणि विहिरींवर काढते. पूर्व भागातली घरे, सूत रंगवणारे डाईंगचे कारखाने, हद्दीबाहेरची शेती आणि जनावरे, सगळ्यांची भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर आहे. त्या पाण्यात काय उतरते आहे आणि उतरलेले पुन्हा काढता येईल का, याविषयी लिहितो आहे. माझे आयुष्य डाईंगमध्ये गेले. या धंद्याने हजारो घरे उभी केली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धंदा टिकावा अशीच माझी इच्छा आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

'जिवाणूंनी पाणी शुद्ध करून देतो' असे सांगणारे विक्रेते सध्या रंगाचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याकाठच्या शेतकऱ्यांकडे फिरत आहेत. माझ्या चुलत भावाच्या विहिरीला नाल्याचा पाझर लागतो. पाणी कधी जांभळट, कधी विटकरी दिसते. एका विक्रेत्याने त्याच्यासमोर बरणीत ते पाणी भरले, पावडर टाकली आणि झाकण घट्ट लावून ठेवायला सांगितले. काही दिवसांत बरणीतले पाणी नितळ झाले. भावाने पैसे मोजून पोती घेतली. विहिरीतही रंग फिका पडला, टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा मात्र जिथल्या तिथे राहिला. पुढे नाल्याला पुन्हा रंगीत पाणी आले आणि विहीरही पुन्हा रंगली. पाणी नितळ होते त्या दिवसांत त्याने मला विचारले होते, "अण्णा, आता जनावरांना पाजू का?" मी नको म्हणालो. का नको, ते सगळ्यांना कळायला हवे.

आमच्याकडे शेड (रंगछटा) चुकली की लॉट स्ट्रिप करतात, म्हणजे सुतावरचा रंग उतरवतात. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (रंग उतरवणारे रसायन) घातलेल्या गरम पाण्यात सूत फिरवले की गडद लाल रंगसुद्धा थोड्या वेळात उतरतो आणि बाथचे पाणी फिके पडते. त्या पाण्याला डाईंगमधला कुणीही माणूस शुद्ध म्हणणार नाही. रंगाचा रेणू नाहीसा झालेला नसतो, तो तुटलेला असतो. सुतावर वापरल्या जाणाऱ्या रंगांत ॲझो रंगांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडामुळे. हायड्रो हा जोड तोडतो. हवा नसलेल्या जागी वाढणारे कित्येक जिवाणूही तोच जोड तोडतात. बरणीचे झाकण घट्ट लावायला सांगितले होते ते त्यासाठीच. तुटल्यावर जे तुकडे उरतात त्यांना ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात. बहुतेक अमाइन डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत.

म्हणजे जिवाणूंनी काम केलेच होते, पण अर्धे. उरलेले अर्धे काम दुसऱ्या प्रकारचे जिवाणू करतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. म्हणून रंगीत सांडपाण्याची जैविक प्रक्रिया दोन टप्प्यांत करतात. आधी हवाबंद टाकीत जोड तोडायचा, मग हवा खेळवलेल्या टाकीत अमाइनांचा फडशा पाडायचा. तिथेही काही अमाइन चिवट निघतात, म्हणून शेवटी तपासणी करावीच लागते. पहिल्या टप्प्यावर थांबून 'पाणी स्वच्छ झाले' म्हणणे धोक्याचे आहे, कारण रंगीत पाणी माणूस तोंडाला लावत नाही, नितळ पाणी लावतो.

या अमाइनांचे नाव सोलापूरला नवीन नाही. आपला टॉवेल युरोपात जातो तेव्हा तो याच कसोटीवर तपासला जातो. तिथल्या नियमात अशा २२ अमाइनांची यादी आहे आणि किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सापडले तर माल परत येतो. आपल्या केंद्र सरकारनेही १९९७ मध्ये असे अमाइन सोडणाऱ्या कितीतरी ॲझो रंगांवर बंदी घातली. त्यामुळे ही तपासणी काय असते आणि नमुना कुठे पाठवायचा, हे निर्यातदारांना चांगले ठाऊक आहे. विहिरीच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत मात्र अमाइनांचा रकानाच नसतो. परदेशातल्या माणसाने अंग पुसायच्या टॉवेलची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी तो टॉवेल जिथे रंगला तिथल्या विहिरीची का घेतली जाऊ नये? माझे म्हणणे मुख्यतः हेच आहे.

जिवाणूंवर माझा अविश्वास नाही, उलट आशा आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डेझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर फुटले आणि मैलोनमैल दगडगोटे तेलाने माखले. शास्त्रज्ञांनी काही किनाऱ्यांवर नायट्रोजन आणि फॉस्फरसचे खत फवारले. तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासून होते, उपाशी होते ते या दोन गोष्टींसाठी. खत मिळताच ते वाढले आणि काही आठवड्यांत खत दिलेले पट्टे उजळ दिसू लागले. पण गोट्यांच्या खाली जिथे हवा पोचली नाही तिथे तेल तसेच राहिले. दहा-बारा वर्षांनंतरच्या पाहणीतही ते सापडले.

दुसरे उदाहरण आपल्या माणसाचे. आनंद मोहन चक्रवर्ती या मूळच्या बंगालमधल्या शास्त्रज्ञांनी तेल पचवणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला. त्याच्या पेटंटवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये गाजलेला निकाल लागला. तो जिवाणू तेलगळतीवर प्रत्यक्ष कधी वापरला गेला नाही. याउलट दिल्लीच्या टेरी संस्थेने भारतातल्याच तेलट मातीतून निवडलेल्या जिवाणूंचे 'ऑइलझॅपर' हे मिश्रण तयार केले. ते देशातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर चालले, २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर तेल पसरले तेव्हाही कामी आले. तिथे पोते ओतून कुणी निघून गेले नाही. माती वारंवार उलथली, ओल राखली, खत दिले आणि ठरावीक दिवसांनी नमुने काढून तेल किती उरले ते मोजले.

थंडगार दुधात वाटीभर विरजण घातले तरी दही लागत नाही. भूजलाचे तसेच आहे. जिवाणू कुठले घातले यापेक्षा त्यांना हवा, अन्न आणि ऊब कशी मिळते हे महत्त्वाचे. ऊब सोलापूरला निसर्गानेच दिली आहे, आपले भूजल वर्षभर कोमट असते. अडचण आहे ती आपल्या खडकाची. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा कातळ. पाणी कातळातून सरसकट झिरपत नाही, भेगाभेगांतून वाट काढते. एका बोअरमध्ये ओतलेले औषध शेजारच्या बोअरला न लागता दोन शेते ओलांडून तिसऱ्याच विहिरीत निघू शकते. विहिरी खोदणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. म्हणून ज्या जागी उपचार करायचा तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी असल्याशिवाय जमिनीत काहीही सोडू नये.

आणि मिठाचे काय? रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड करणाऱ्या) रंगाच्या गडद शेडला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ लागते. ते सुतावर बसत नाही, सगळेच्या सगळे पाण्याबरोबर बाहेर पडते. मीठ खाऊन संपवणारा जिवाणू जगात नाही. विहिरीत मीटरचा आकडा हलला नाही तो यामुळे. पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. असले खारे पाणी काळ्या रानाला दिले की सोडियमने माती चोपण होते, पाणी मुरत नाही, उगवण मरते. त्यावर जिप्सम आणि चर काढून निचरा हेच उपाय, पावडर नव्हे. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगकामाने नोय्यल नदीची हीच गत झाली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले शेकडो डाईंग कारखाने एकदम बंद पडले. माणसे रस्त्यावर आली. आपल्याकडे ती पाळी येऊ नये.

धातूंबाबतही समजून घ्यावे. जिवाणू क्रोमियम नष्ट करत नाहीत, पण पाण्यात विरघळणाऱ्या विषारी क्रोमियमला कमी विषारी, मातीत बसून राहणाऱ्या रूपात बदलू शकतात. परदेशांत यासाठी भूजलात पातळ केलेली मळी (मोलॅसिस) सोडतात. जिवाणू मळीवर वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि क्रोमियमचे रूप पालटते. मळीला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही, इतके साखर कारखाने इथे आहेत. माझ्या मते सोलापूरने खरोखर अभ्यासावी अशी ही वाट आहे. मात्र मळीचे प्रमाण चुकले तर खडकातले लोह आणि मँगेनीज सुटून पाण्यात येतात, पाण्याला कुजका वास सुटतो. हे वाचून कुणी आपल्या बोअरमध्ये मळी ओतू नये, ही कळकळीची विनंती.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार संशयित दूषित जागांची यादी दर सहा महिन्यांनी जिल्ह्याच्या पातळीवर तयार व्हायची आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी तरतूद आहे. सोलापूरच्या यादीत औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाचे नाले, त्यांच्या काठच्या विहिरी, कचरा डेपोचा उतार आणि जुन्या वर्कशॉपची तेलट माती आली पाहिजे. विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा घ्यावेत. त्यांत टीडीएस, सोडियम, क्रोमियम आणि ॲरोमॅटिक अमाइन मोजावेत. अमाइनांची तपासणी महाग आहे हे मान्य, पण ती सगळ्या विहिरींची करायची गरज नाही. रंग दिसलेल्या आणि रंग नुकताच गेलेल्या विहिरींची केली तरी पुरेल. निकाल विहीर मालकाला मराठीत लेखी मिळावा.

प्रयोग करायचाच तर एका छोट्या जागी करावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, शहरातल्या महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांनी तो एकत्र करावा. विद्यार्थ्यांना घरच्या अंगणातला विषय मिळेल. त्याआधी नाल्यात येणारे रंगीत पाणी थांबले पाहिजे, नाहीतर वरून येत राहील आणि खाली आपण उपसत राहू. जिवाणू पुरवणाऱ्या ठेकेदाराला पैसे द्यायचे ते पोत्यांच्या हिशेबाने नकोत. त्याचा संबंध नसलेल्या प्रयोगशाळेने अमाइन आणि क्रोमियम घटल्याचे लिहून दिल्यावर द्यावेत. निविदेत हे एक कलम घातले तरी बरणीतले प्रयोग दाखवणारे आपोआप दूर होतील आणि खरे काम करणारे पुढे येतील.

जिल्ह्याची संशयित जागांची यादी तयार झाली का, याची चौकशी आपल्या वार्ताहरांनी करावी, आणि झाली असेल तर ती गावाच्या आणि नाल्याच्या नावासह आपल्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्तर
अशोक चौक परिसर, सोलापूर